महापालिकेची प्राथमिक शाळा चांगली आहे हे कशावरून ओळखायचं? (सोलापूर, पूर्व भाग)

जुईची_आई | २३ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

माझी मुलगी जुई यंदा जूनमध्ये पहिलीला जाईल. दिवाळीनंतर आम्ही जुळे सोलापूर सोडून अशोक चौकाच्या मागच्या बाजूला राहायला आलो. यांचं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, आणि रोजचं जाणंयेणं झेपेना. आता घरापासून तीन गल्ल्या सोडून महापालिकेची मराठी शाळा आहे, पहिली ते सातवी. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिथल्या दोन बाई पहिलीच्या प्रवेशासाठीचं 'पाडवा पट वाढवा'चं पत्रक घेऊन घरी आल्या. त्यातल्या उंच बाई खाली बसून जुईशी बोलल्या, तिनं वहीत काढलेली मांजर बघितली, "हिच्या मिशा मोजल्यास का?" असं विचारलं. जाताना म्हणाल्या, "शाळा बघायला या. कळवून यायची गरज नाही."

तेव्हापासून घरात हाच एक विषय आहे. सासूबाई म्हणतात, "म्युनिसिपालटीच्या शाळेत घालायची काय वेळ आलीय आपल्यावर?" जाऊबाईंची मुलं इंग्रजी शाळेत आहेत. तिसरीतला पुतण्या कविता धडाधड म्हणतो, पण परवा कन्ना चौकात मी त्याला एका दुकानाची पाटी वाचायला सांगितली, तर मराठी पाटीही आली नाही आणि इंग्रजीही नाही. फी भरली की शिकणं होतंच, हा माझा समज तिथेच गेला. पण म्हणून महापालिकेची शाळा चांगलीच असेल असंही नाही ना?

आज सकाळी जाऊन आले. व्हरांड्यात भिंतीवर रंगवलेली आगगाडी, एकेका डब्यात एकेक महिना. पाण्याच्या टाकीला सहा नळ, त्यातले दोन चालू. एका वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता. मुख्याध्यापिका चांगल्या बोलल्या. आणि मी तिथे उभी राहून विचार करत होते की बघायचं काय? चादर घ्यायला गेले तर मी ती हातात तोलून बघते, उलटी करून वीण बघते. शाळेचं तसं काय बघायचं ते मला माहीत नाही.

ज्यांची मुलं महापालिकेच्या किंवा झेडपीच्या शाळेत आहेत, जे स्वतः शिकवतात, जे स्वतः शिकलेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

—

शेळगीकर | २३ मार्च, रात्री ११:०५

वाचतोय. आमचा मुलगा पुढच्या वर्षी पहिलीला. कोणीतरी शिक्षकांनी लिहा.

—

गुरुजी_मंद्रूप | २४ मार्च, सकाळी ६:१५

जुईच्या आई, मी ३४ वर्षं झेडपीत शिकवलं, त्यातली बरीचशी दक्षिण सोलापूर तालुक्यात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही.

शाळा २६ जानेवारीला बघू नका आणि गॅदरिंगलाही बघू नका. साधा वार निवडा. सध्या उन्हामुळे सकाळची शाळा असेल, तर साडेनऊच्या पुढे जा. परिपाठ झालेला असतो, पहिल्या तासाचा जोर ओसरलेला असतो. त्यानंतर वर्गात जे चाललेलं दिसतं, ते रोजचं.

आधी वह्या बघा. तिसरीच्या वर्गात जा आणि चार वह्या मागा. बाई वरच्या दोन काढून देतील. त्या बघा, पण आणखी दोन तुम्ही मधल्या रांगेतून उचला. चारही वह्यांत एकच मजकूर, शब्दाला शब्द, फळ्यावरून उतरवलेला असेल, तर पोरं अक्षरांची चित्रं काढतायत, लिहीत नाहीत. मला ती वही आवडते जिच्यात चुका आहेत. 'काल आमच्या घरी मामा आला त्याने शेंगा आनल्या' असं पोरानं स्वतःचं काहीतरी लिहिलंय, बाईंनी 'आनल्या'वर 'आणल्या' लिहून दिलंय, आणि चार पानं पुढे तोच शब्द पोरानं आपलं आपण बरोबर लिहिलाय. एवढं सापडलं तर त्या वर्गात शिकवणं चालू आहे. न वाचता मारलेली लाल खूण लगेच ओळखू येते, चुकलेल्या गणितावरही ती बरोबरचीच असते.

मग वाचन. पुस्तकातला धडा वाचायला लावू नका. धडे पोरांना पाठ असतात, पान झाकलं तरी म्हणतील. घरून गोष्टीचं एखादं पातळ पुस्तक न्या. पोरांना वाचता आणि गणित येतं का हे बघणारी 'असर' नावाची पाहणी असते, ती करणारे लोक साधी रीत वापरतात: अक्षरं, मग सुटे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात उसनवारीची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं. चाचणी सोपी आहे, पण ती सुरू झाली २००५ साली आणि अजूनही आपल्याला घाम फोडते. तिसरी संपता संपता पोरानं दुसरीची गोष्ट वाचावी आणि 'पुढे काय झालं रे?' विचारल्यावर आपल्या शब्दांत सांगावं, एवढीच अपेक्षा ठेवा. ती जास्त नाही.

आता मुख्य गोष्ट. हुशार पोर बाई स्वतःच पुढे करतील. त्याचं ऐका, शाबासकी द्या. त्यानंतर भिंतीला टेकून बसलेलं, तुमची नजर चुकवणारं एक पोर असतं, प्रत्येक वर्गात असतं, त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला वाचता येणार नाही कदाचित. तेवढ्यावरून शाळेला वाईट म्हणू नका, ते पोर कुठून आलंय आपल्याला माहीत नसतं. बाईंना एवढंच विचारा, 'हा कुठे अडतो?' आणि उत्तर नीट ऐका. 'त्याच्या घरी वातावरणच नाही हो' हे उत्तर नव्हे. ते मी पण दिलंय, नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत शंभर वेळा. ते देताना मला त्या पोराचं काहीच माहीत नसायचं.

—

दोन_मुलांचा_बाप | २४ मार्च, दुपारी १:३०

गुरुजींचं सगळं पटलं. पण आमच्यावर जे आलं ते सांगतो.

मोठा मुलगा दोन वर्षं शहरातल्याच एका महापालिकेच्या शाळेत होता. नाव घेत नाही. पहिलीला बाई चांगल्या होत्या. दुसरीला दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांची बदली झाली आणि त्या जागेवर फेब्रुवारीपर्यंत कुणी आलं नाही. पोरं तिसरीच्या वर्गात नेऊन बसवायचे. तिथले सर आधीच मतदार यादीच्या कामात. मी तीन वेळा जाऊन आलो, "पद रिक्त आहे, वर कळवलंय" हेच उत्तर. वर्षाच्या शेवटी पोराचं वाचन पहिलीला होतं त्याच्याही मागे गेलं. मी त्याला काढला. पैसे नव्हते, बायकोच्या कानातलं मोडलं.

म्हणून माझं म्हणणं, पाटीवर शिक्षक किती ते वाचू नका, त्या दिवशी वर्गात उभे किती ते मोजा. कायदा २००९ चा आहे, पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. पण ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे चार इयत्ता मिळून पन्नास पोरं असली तर दोन बाईंवर चार वर्ग, आणि कायदा कुठे मोडलेला नसतो. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं लिहिलंय. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकांना दुसरं काम देऊ नये असंही लिहिलंय. तुम्ही विचारा, मागच्या वर्षी जुईच्या वर्गावर कोण होतं, किती महिने होतं, आणि ते रजेवर गेले की पोरं कुठे बसायची. या तिसऱ्या प्रश्नाला मुख्याध्यापक लगेच उत्तर देत असतील तर तिथे काहीतरी व्यवस्था आहे. विचारात पडले तर नाही.

—

गुरुजी_मंद्रूप | २४ मार्च, दुपारी २:१०

दादा, तुमच्यावर आलं ते वाईट झालं. त्यात तुमचं काही चुकलं नाही.

एकच भर घालतो. दोन-तीन इयत्ता एका खोलीत असणं हे आपोआप वाईट नाही. मी अनेक वर्षं तेच केलं. चौथी गणितं सोडवत असते तेव्हा तिसरी माझ्यासमोर वाचत असते, आणि चौथीतली दोघं दुसरीला शब्द सांगत असतात. हे ठरवून केलेलं असलं तर दिसतं. ठरवलेलं नसलं तर एक इयत्ता तासभर नुसती हाताची घडी घालून बसते. दहा मिनिटं दारात उभं राहिलं की कळतं.

—

साखरपेठेची | २४ मार्च, रात्री ९:५०

मी लिहू का नको करत होते, पण लिहितेच.

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. रोजच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या म्हणजे आईची मान वर व्हायची नाही. आपल्याकडे महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्याही आहेत, पण आईनं ठरवून मला मराठीत घातलं. "पुढं कचेरीत मराठीच लागतंय," म्हणायची.

पहिल्या दिवशी मला मराठीतलं 'पाणी' कळत नव्हतं असं नाही, पण बोलायला तोंड उघडेना. तहान लागली होती. मी बाईंच्या साडीला धरून हळूच "नीळ्ळु" म्हटलं. बाई मराठी घरातल्या. त्यांनी हसून "नीळ्ळु? पाणी?" असं दोन्ही म्हटलं आणि मला टाकीपाशी घेऊन गेल्या. आठवडाभर त्या वर्गात दोन्ही शब्द चालले. 'इक्कड रा' म्हणजे इकडे ये, हे सगळ्या वर्गाला पाठ झालं. शेजारच्या वर्गात घरची भाषा बोललं की छडी मिळायची. त्या वर्गातल्या माझ्या मावसबहिणीनं चौथीत शाळा सोडली आणि ती पानं कापायला बसली. मी आज एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. आम्ही दोघी एकाच घरातल्या, एकाच गल्लीतल्या, शाळाही एकच.

म्हणून ताई, मधल्या सुट्टीत थांबा. बाई पोरांशी कुठल्या भाषेत बोलतात ते ऐका. पूर्व भागातल्या शाळेत निम्म्या घरांत मराठी नसते. पोर घरचा शब्द बोललं की बाई काय करतात, तिथे ती शाळा कळेल तुम्हाला. तुमच्या जुईची घरची भाषा मराठी आहे, तिला अडचण येणार नाही. तरीही बघा. कारण जी बाई दुसऱ्याच्या पोराला गप्प बसवते तिच्या वर्गात आपलं पोरही मोकळं बोलत नाही.

—

शेळगीकर | २४ मार्च, रात्री १०:२०

'इक्कड रा' वाचून आमच्या बाई आठवल्या.

—

आकडेमोड | २५ मार्च, सकाळी ११:००

वर सगळ्यांनी प्रत्यक्ष जाऊन बघायचं सांगितलं, ते बरोबरच. जाण्याआधी घरबसल्या काय बघता येतं आणि काय नाही, ते सांगतो. मी शिक्षक नाही, आकड्यांचं काम करतो.

प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक असतो, आपल्या राज्याचे २७ ने सुरू होतात. त्यावरून शाळेची माहिती यू-डायसच्या संकेतस्थळावर बघता येते: इयत्तावार पट, शिक्षक किती, खोल्या, स्वच्छतागृहं. माहिती शाळेनंच भरलेली असते हे धरून चला. खोल्या आणि संगणक किती त्यापेक्षा इयत्तावार पट बघा, आणि तीन-चार वर्षांचा शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिलीत चाळीस होती ती चौथीत चोवीस उरली असतील, तर मधली सोळा कुठे गेली? विचारण्यासारखा प्रश्न आहे. कधी कुटुंबं गावी परततात, कधी कारखाना बंद पडतो, कधी पालकांनी कंटाळून काढलेलं असतं.

'असर'चे आकडे मात्र शाळा निवडायला वापरू नका. ती पाहणी ग्रामीण भागातली, घरोघरी जाऊन केलेली. सोलापूर शहर तिच्यात येतच नाही आणि एकेका शाळेचा निकाल ती सांगत नाही. गुरुजी म्हणतात तशी तिची रीत उचला, आकडे नको.

शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या याद्या गेटवर लावलेल्या असतात. त्यातून एवढंच कळतं की पाच-दहा पोरांवर कुणीतरी मेहनत घेतली. ती मेहनत खरी असते, मी कमी लेखत नाही. पण उरलेल्या तीस पोरांचं त्या यादीत काही नसतं.

आणि खासगी शाळेची पोरं पुढे दिसतात याचं मोठं कारण घर आहे. आईवडील शिकलेले, संध्याकाळी शिकवणी, घरात वर्तमानपत्र. दोन शाळांतल्या पाचवीच्या पोरांचे मार्क शेजारी ठेवले तर आपण बहुतेक वेळा दोन वस्त्यांची तुलना करत असतो. शाळेनं काय केलं ते कळायला पोर पहिलीत कुठे होतं आणि आता कुठे आहे, हे दोन्ही माहीत हवं. ते कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही. म्हणूनच 'हा कुठे अडतो' हा गुरुजींचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईंना ते सांगता येतं, त्यांच्याकडे हा हिशेब असतो.

—

माढेकर | २५ मार्च, दुपारी ४:४५

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून लिहितो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचं काम त्यांचं. सरकारी शाळेत काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

—

दोन_मुलांचा_बाप | २५ मार्च, सायंकाळी ६:००

डिसले गुरुजींबद्दल आदरच आहे. पण आमच्या पहिलीच्या बाईही चांगल्याच होत्या. त्या गेल्या आणि सगळं गेलं. एका माणसावर शाळा उभी असेल तर त्या माणसाची बदली कधी आहे तेही विचारावं लागतं.

—

विजापूर_वेस | २६ मार्च, दुपारी १२:२०

माझी दोन्ही मुलं महापालिकेच्या उर्दू शाळेत. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, दुसरं वर्ष. या समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. कागदावर प्रत्येक शाळेत समिती असते. तुम्ही इतिवृत्ताची वही मागा. प्रत्येक बैठकीत तोच मजकूर आणि खाली एकाच पेनानं केलेल्या बारा सह्या असतील तर समिती नाही असं समजा.

मुलींच्या संडासाचं सांगते, कारण पुरुष मंडळी हे बघत नाहीत. आमच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी मुलींचं स्वच्छतागृह चांगलं बांधलेलं, टाइल लावलेलं. कुणी पाहुणे आले की दाखवायचे. माझी मुलगी मात्र घरी आली की दप्तर फेकून आधी आत पळायची. सकाळपासून पाण्याचा घोटही घ्यायची नाही. विचारलं तर म्हणाली, कुलूप असतं. चावी ऑफिसात खिळ्याला. ती मागायला सरांसमोर जायचं, सगळ्यांदेखत. चौथी-पाचवीच्या मुली कशाला मागतील? कुलूप का लावलं, तर आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, टाकी पुरत नाही, घाण झालं की धुवायला पाणी नाही. कारण खरं होतं. पण त्रास कुणाला, तर मुलींना. आम्ही आया तीन बैठका भांडलो. शेवटी पिंप ठेवलं, पाणी येईल त्या दिवशी भरून घ्यायचं ठरलं, चावी दाराजवळच्या कोनाड्यात आली. आता कुलूप फक्त रात्री.

तुम्ही टाइल बघू नका, बहिणी. पाचवीतल्या एका मुलीला बाजूला घेऊन विचारा, "संडासला कुठे जायचं गं?" ती न लाजता बोट दाखवते की खाली बघते, ते बघा.

खिचडीपण खाऊन बघा. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा नियम आहे. डाळ आहे की पिवळं पाणी, ते एका घासात कळतं.

—

गुरुजी_मंद्रूप | २६ मार्च, दुपारी १:००

विजापूर वेसच्या ताई, चावीचं वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. माझ्या एका शाळेत चावी माझ्याच टेबलाच्या खणात असायची.

—

मजरेवाडी_१९ | २७ मार्च, रात्री ८:३०

सेमी इंग्रजीबद्दल कुणी बोलेल का? हल्ली सगळीकडे 'सेमी सुरू' अशी पाटी असते.

—

आकडेमोड | २७ मार्च, रात्री ९:१५

वर्गात जाऊन गणिताचा तास ऐका. बाई 'सबट्रॅक्शन' म्हणून पुढचं सगळं मराठीत समजावत असतील आणि पोराला वजाबाकी कळत असेल तर काही बिघडत नाही. पुस्तक इंग्रजी आणि गाइडमधली उत्तरं पाठ, असं असेल तर पोराचं गणितही जातं आणि इंग्रजीही. पाटीवरून दोन्हीत फरक करता येणार नाही.

—

जुईची_आई | २ एप्रिल, रात्री १०:१५

मंडळी, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत. आज जाऊन आले. साडेनऊला गेले ते सव्वाअकराला बाहेर पडले. न कळवता गेले.

मुख्याध्यापिकांना म्हटलं, मला तिसरीत बसायचंय. त्यांनी "बसा की" म्हणून शिपाईकाकांना सोबत दिलं. पटावर ३१, हजर २६. बाई चाळिशीच्या, सुती साडी, हातावर खडूची पूड. वह्या मागितल्या तेव्हा त्यांनी अख्खा गठ्ठाच टेबलावर ठेवला. मी मधल्या काढल्या. फळ्यावरून उतरवलेलं बरंच होतं, खरं ते सांगते. पण दर शनिवारचं एक पान वेगळं होतं. 'माझ्या मनाने' असं वर लिहिलेलं. एका मुलीनं गड्ड्याच्या जत्रेबद्दल लिहिलं होतं, 'गड्ड्यात मी पाळण्यात बसले नाय मला भीती वाटते पण भावाला सांगीतले बसले.' 'सांगीतले'ची वेलांटी बाईंनी ऱ्हस्व करून दिली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'मलाही भीती वाटते.'

मग मी पिशवीतून गोष्टीचं पुस्तक काढलं. बाईंनी पहिल्या बाकावरची मुलगी दिली. तिनं पान छान वाचलं, गोष्टही सांगितली. गुरुजी, तुम्ही म्हणालात तसा एक मुलगा खिडकीखाली भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. तो 'एका गावात एक' पर्यंत आला आणि पुढच्या 'म्हातारी'वर थांबला. बोट तिथंच. मान खाली. मी बाईंकडे बघितलं आणि तुमचा प्रश्न विचारला.

त्या म्हणाल्या, "साधे शब्द वाचतो आता. जोडाक्षर आलं की थांबतो. दिवाळीपर्यंत मात्रेलाच अडायचा, 'मोर'चं 'मार' वाचायचा. जानेवारीत दीड महिना गावाकडे होता, तेव्हा मागे गेला, परत आणलंय." हे सगळं वही न उघडता. नंतर त्यांनी ड्रॉवरमधून एक जुनी डायरी काढून दाखवली, प्रत्येक पोराचं एक पान, पेन्सिलीनं दोन-दोन ओळी आणि तारीख.

मग त्या त्याच्या शेजारी उकिडव्या बसल्या. अर्ध्या 'म्'वर अंगठा ठेवून झाकला. "हे काय?" तो म्हणाला, "हा." "पुढे?" "हातारी." बाईंनी अंगठा काढला. "आता ओठ मिटून म्हण." तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हा... म्हातारी." आणि त्यानं वर बघितलं. माझ्याकडे नाही, बाईंकडे.

आता दुसरी बाजूही लिहिते. सहावीचे सर प्रशिक्षणाला गेले होते, म्हणून सहावी-सातवी एकत्र आणि मुलं नुसती बसून होती. 'शिक्षक रजेवर गेले की पोरं कुठे' हे विचारल्यावर मुख्याध्यापिका थोडं थांबून म्हणाल्या, "वरच्या वर्गांचं जमत नाही अजून." दोन मुलांचे बाबा, तुमची आठवण आली. पाचवीतल्या दोघांना भागाकार दिला, एकालाच आला. इंग्रजी कच्चंच आहे. नळ अजून दोनच चालू. संडास उघडे होते, पिंपात पाणी होतं, मुलींच्या एका दाराला आतून कडी नव्हती. मुलीनं बोट मात्र लगेच दाखवलं. मधल्या सुट्टीत एक लहान मुलगा तेलुगूत काहीतरी सांगत आला. बाईंनी त्याच भाषेत उत्तर दिलं आणि शेवटी मराठीत परत म्हटलं. साखरपेठेच्या ताई, मला ते शब्द कळले नाहीत, पण मुलगा हसत पळाला. खिचडीत डाळ होती. मीठ कमी होतं.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "घालू." सासूबाई अजून गप्प आहेत. त्यांना पुढच्या वेळी सोबत नेणार आहे.

—

साखरपेठेची | २ एप्रिल, रात्री १०:४०

अंगठ्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

—

विजापूर_वेस | २ एप्रिल, रात्री ११:००

कडीचं पहिल्याच पालक सभेत काढा. पन्नास रुपयांचं काम असतं आणि वर्षानुवर्षं राहतं. आणि समितीत नाव द्या. कागदपत्रांसाठी अडू नका, जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

—

दोन_मुलांचा_बाप | ३ एप्रिल, सकाळी ७:५०

ताई, मनापासून बरं वाटलं. एकच विचारतो. तुम्ही ज्या बाई बघितल्या त्या तिसरीच्या. जूनमध्ये जुईची पहिली कोण घेणार, ते विचारलंत का?

—

जुईची_आई | ३ एप्रिल, सकाळी ९:०५

निघताना विचारलं. त्या बाई याच मुलांना घेऊन चौथीला जाणार. पहिली त्या उंच बाईंकडे आहे, ज्यांनी जुईला मांजरीच्या मिशा विचारल्या होत्या. त्यांचा वर्ग मी अजून बघितलेला नाही. सोमवारी साडेनऊला जातेय, सासूबाईंना घेऊन.